मुर्ताझला आणायचं राहून गेलं

पडक्या कारखान्यांच्या भिंती सोलणं हा नेस्तानचा धंदा होता. भिंतीवर जाळीदार कापड लावायचं, त्यावर कोमट सरस चोपडायचा, दोन-तीन दिवस वाळू द्यायचं आणि मग एका कोपऱ्याला धरून हळूहळू ओढायचं. जुना रंग, धूर, घोषणांची अर्धीमुर्धी अक्षरं, पावसाचे ओघळ, सगळं कापडाला चिकटून येई. ही कापडं ती तिबिलिसीच्या कलादालनांत टांगायची, परदेशातही पाठवायची, आणि लोक त्यांच्यासमोर हात मागे बांधून गंभीरपणे उभे राहायचे. सोव्हिएत राज्य मोडलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्या राज्यावर जीव लावावा की त्याला शिव्या घालाव्यात, हे तिचं कधी ठरलं नाही. भिंती सोलताना ते ठरवावं लागत नसे.

तिच्या आईला, झुझुनाला, या धंद्यात काडीचा रस नव्हता. लोकांच्या पोरी घरं रंगवतात, माझी सोलते, असं ती शेजारणींना सांगे. पण लेकीचा फोटो ज्या मासिकात आला होता, ते मासिक तिने काचेच्या कपाटात चांगल्या कपबश्यांच्या पुढे उभं करून ठेवलं होतं, ते काही उगाच नव्हे.

अर्ध्या जॉर्जियाच्या भिंती नेस्तानने सोलल्या. आपल्या गावच्या, नोघाच्या, चहाच्या कारखान्याला तेवढा हात लावला नाही. कारण उघड होतं. ती पाच वर्षांची असताना तिचा बाप मुर्ताझ तिथे बॉयलरच्या वाफेने भाजला होता, आणि त्याच संध्याकाळी तालुक्याच्या इस्पितळात वारला होता. शेवटी भंगारवाल्यांनीच तिला हलवलं. कुताईसीच्या एका कंत्राटदाराने अख्खा कारखाना विकत घेतला, आधी पॅकिंगचा हॉल कापायला काढला आणि येत्या सोमवारी बॉयलर-घर पाडणार असं जाहीर केलं. नेस्तान सरसाचा डबा नि कापडाचे तागे गाडीत घालून आईकडे आली.

कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर रंगीत खड्यांची एक बाई होती, चहाची टोपली घेऊन सूर्याकडे बघत हसणारी. येणारा प्रत्येक फोटोवाला तिच्यासमोर गुडघे टेकत असे. नेस्तानला तिचं कौतुक नव्हतं. इतकं हसत चहा खुडणारी बाई तिने जन्मात पाहिली नव्हती, आणि तिची आई तर चहाच खुडत होती. ती थेट मागे बॉयलर-घरात गेली. तिथे बॉयलरच्या पाठीमागे, गुडघ्याच्या उंचीवर, तिला भिंतीचा एक विचित्र तुकडा सापडला. चुलीमागच्या भिंतीवर असतात तसे काजळीचे लहान लहान ओघळ, खालून वर गेलेले, एकावर एक चढलेले. मध्ये मध्ये चुन्याचा थर, त्यावर पुन्हा काजळी, पुन्हा चुना. बॉयलरची आग असा नाजूक डाग पाडत नाही. नव्वदच्या दशकात, वीज नसताना, कुणी आडोशाला शेकोट्या पेटवल्या असतील असं तिला वाटलं. तिला आनंद झाला, कारण इतका चांगला तुकडा बऱ्याच वर्षांत हाती लागला नव्हता. तिने तो सोलला, गुंडाळला, गाडीच्या डिकीत टाकला आणि घरी आणून अंगणात पर्सिमनच्या फळझाडाखाली दोरीवर वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा बोंदो हेझलनटची पिशवी द्यायला आला. झुझुना बाजारात गेली होती. बोंदो एके काळी त्याच बॉयलरवर कामाला होता. आता गुडघेदुखी आणि राजकारण या दोन विषयांवर तो दिवसभर बोलू शके. फाटकातून आत येताना त्याचं तोंड चालूच होतं. दोरीवरचं कापड दिसलं आणि ते बंद पडलं. त्याने टोपी काढली.

"मेणबत्त्यांची भिंत काढलीस तू?" तो म्हणाला.

मग तो पायरीवर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. ते ऑक्टोबरचे दिवस. नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाच्या सणाआधी कारखान्याने ठरलेला माल काढला, तर जिल्ह्याचा लाल झेंडा वर्षभर नोघाच्या फाटकावर लागणार होता. बॉयलरची दुरुस्ती व्हायला हवी होती, पण दुरुस्ती म्हणजे काम बंद, म्हणून ती सणानंतर करू असं ठरलं. वाफेचा नळ फुटला तेव्हा सगळ्यात जवळ मुर्ताझ होता. दार उघडून माणसं आत पोचेपर्यंत त्याचा खेळ संपलेला होता. तिथेच, त्या भिंतीपाशी. कारखान्यात माणूस मेला म्हटल्यावर झेंडा गेला, बक्षीस गेलं, डायरेक्टरची खुर्चीही गेली असती. म्हणून त्याला घोंगडीत गुंडाळून ट्रकमधून इस्पितळात नेलं, आणि तिथे कागदावर त्याला संध्याकाळपर्यंत जिवंत ठेवलं. पाळीवरच्या सगळ्यांना एकच वाक्य पढवलं होतं: इथून नेला तेव्हा त्याचा श्वास चालू होता. सगळ्यांनी ते म्हटलं. बोंदोनेही म्हटलं.

"पण तो तिथेच बसलाय हे आम्हाला माहीत होतं ना," तो म्हणाला. "मग कुणाला आठवण आली की बॉयलरच्या मागे एक मेणबत्ती लावायची. डायरेक्टरला दिसायची काजळी. तपासणी आली की चुना फासून घ्यायचा बिचारा, बोलायचा काही नाही. आम्ही पुन्हा लावायचो."

नेस्तानने विचारलं की आईला का नाही सांगितलं.

"सांगणार होतो. पण तुझ्या आईने त्याआधीच त्याला इस्पितळातून घरी आणला. सगळ्या गावादेखत. एवढी वाजतगाजत वरात दारात आली, आणि नवरदेव मागेच राहिलाय असं कुणी सांगायचं? तू सांगितलं असतंस?"

नोघात शेंबड्या पोरालाही माहीत असतं की माणूस घराबाहेर मेला तर देह आणता येतो, पण जीव जिथे गेला तिथेच बसून राहतो. त्याला रक्ताच्या माणसाने हाक मारावी लागते, चोंगुरी हे तारांचं वाद्य वाजवत वाट दाखवावी लागते, आणि वाटेत नदी असेल तर पाण्यावरून दोरा ताणावा लागतो, म्हणजे तो पलीकडे येतो. सोव्हिएत राज्यात याला अंधश्रद्धा म्हणत आणि त्यापायी नोकरी जाई. झुझुना तेव्हा एकतीस वर्षांची होती. तिने सासूला चोंगुरी कोटाखाली लपवायला सांगितली, मोठे डॉक्टर जेवायला घरी गेल्याची खात्री केली, पाच वर्षांच्या नेस्तानला काखेत मारलं आणि इस्पितळाच्या खोलीत जाऊन त्या खाटेपाशी नवऱ्याला हाक मारली. तिथून घरापर्यंत चोंगुरी थांबली नाही. पुढे कारखान्याच्या सभेत तिला उभं करून झाडलं, सन्मानाच्या फलकावरून तिचा फोटो उतरवला. तिला त्याचं दुःख नव्हतं. तिच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम होतं, आणि गाव अजून ते तोंडभर सांगत असे.

आता कळत होतं की ती वरात चुकीच्या खाटेवरून निघाली होती.

नेस्तानचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. मेलेला माणूस मेलेला असतो, बॉयलरपाशी काय नि इस्पितळात काय, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण विश्वास आईचा होता. झुझुना दर रविवारी नवऱ्याच्या थडग्यावर वाइन ओतून यायची. शेजारची जागा तिने स्वतःसाठी राखली होती. दगडावर त्याच्या चेहऱ्याशेजारी स्वतःचा चेहराही आधीच कोरून घेतला होता, फक्त तारीख कोरायची बाकी होती. सांगितलं तर ही सगळी वर्षं तिच्या हातातून काढून घेतल्यासारखं होणार. न सांगितलं तर सोमवारी बॉयलर-घर पडणार, आणि मग कुणी कुठून कुणाला आणायचं? नेस्तानला राग आला, पण कुणावर काढणार? डायरेक्टर कधीच मेला होता, झेंड्याचं पोतेरं झालं होतं, राज्यही उरलं नव्हतं. राहता राहिला बोंदो, आणि तो तर हेझलनट घेऊन आला होता.

शुक्रवारी दुपारी जेवताना तिने सांगून टाकलं. झुझुना गरम मक्याच्या घट्ट पेजेत चीजचे तुकडे खुपसत होती. ती खुपसतच राहिली.  पानातलं चीज वितळेपर्यंत ती त्याकडे बघत होती.

"मग मी घरी कुणाला आणलं?" ती म्हणाली.

"कुणाला नाही, आई. तिथे कुणी नव्हतंच."

"वेडी आहेस. पुलावर दोरा जड झाला होता. रिकामा दोरा जड होत नाही. इस्पितळ आहे ते, तिथे काय माणसांना तोटा? मी मुर्ताझ म्हणून हाक मारली. एखादा बिचारा बसला असेल वर्षानुवर्षं, त्याला न्यायला कुणी आलंच नसेल. निघाला माझ्यामागे."

नेस्तानने पाण्याचा पेला आईपुढे सरकवला. 

"आणि मी मूर्ख," झुझुना म्हणाली. "अडतीस वर्षं घरात आहे, एकदा भांडला नाही माझ्याशी. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी. मुर्ताझ इतका शहाणा कधी होता?"

ती हसली, आणि मग पदर नसलेल्या बायका जशा स्वयंपाकघरातल्या फडक्यात तोंड लपवतात तशी फडक्यात तोंड घालून रडली. नेस्तानने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही, धरलाही नाही. रडून झाल्यावर तिने पेज संपवली. मग अंगणात काय वाळत घातलंय असं विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर ती बराच वेळ त्या कापडासमोर उभी राहिली. एकेका ओघळावरून तिने बोट फिरवलं, पण टेकवलं नाही.

"डिकीत घालून आणलास त्याला?" ती म्हणाली. "स्टेपनीशेजारी?"

हा नवाच घोळ होता. मुर्ताझ कापडाबरोबर आला की भिंतीपाशीच राहिला? गुगुलीला बोलावणं गेलं. गुगुली ऐंशीच्या घरातली, गावात उरलेली एकमेव चोंगुरीवाली. अशा बाबतीत तिचा शब्द शेवटचा. तिने कापड वरून खाली पाहिलं, मागून पाहिलं, हुंगलं, आणि निकाल दिला. धूर आला असेल, माणूस आलेला नाही. बोलावल्याशिवाय माणूस येत नाही, आणि मुर्ताझ तर जेवायलाही तिसऱ्या हाकेशिवाय उठायचा नाही. आता झुझुनाने लेकीकडे पाहिलं. "धूर तुझा, तू ने," ती म्हणाली. "माणूस तेवढा मला हवा."

शनिवारी सकाळी चौघं निघाली: झुझुना, कोटाबाहेर उघडपणे चोंगुरी धरलेली गुगुली, बोंदो आणि नेस्तान. झुझुनाने ब्रेड, वाइनची छोटी बाटली, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि मुर्ताझचा एक स्वेटर घेतला होता. स्वेटरला कसरीने भोकं पाडली होती, तिने ती आदल्या दिवशी रफू केली होती.

कारखान्यात कापण्याच्या गॅसचा वास भरला होता. कंत्राटदार हा कुताईसीचा हजरजबाबी माणूस, आणि इकडच्या मिंग्रेल लोकांची टिंगल करायची सवय त्याला लहानपणापासून होती. सोमवारची गाडी ठरलीय, सगळं सामान आजच मोकळं व्हायला हवं, असं तो म्हणाला. किती वेळ लागेल, असंही त्याने विचारलं.

"तो अडतीस वर्षं थांबलाय," गुगुली म्हणाली. "तू अर्धा तास थांब. तुला कसली घाई लागलीय?"

कंत्राटदाराची माणसं मात्र इकडचीच होती. त्यांनी त्याच्या हुकुमाची वाट न बघता गॅस बंद केला, जनरेटर बंद केला आणि हातमोजे काढून दाराशी उभी राहिली. मग त्यानेही टोपी काढली.

बॉयलरच्या मागे, जिथून नेस्तानने कापड ओढलं होतं, तिथे भिंतीवर एक कोरा चौकोन पडला होता. बाकी भिंत काळी आणि मध्येच तेवढा नागडा सिमेंटचा तुकडा. नेस्तानला त्याची लाज वाटली. इतक्या माणसांनी इतकी वर्षं चोरून जे राखलं, ते तिने तीन दिवसांत सरस लावून उचललं होतं, आणि वर खूशही झाली होती. झुझुनाने त्या चौकोनाकडे पाहिलं आणि ब्रेड काढून जमिनीवर ठेवला. बोंदोने जमिनीवर मेणबत्ती लावली. ब्रेडवर वाइन ओतून झाली.

"मार हाक," झुझुना लेकीला म्हणाली.

"तू मार ना."

"मी बायको. रक्त तुझं आहे. मागच्या वेळी तू पाच वर्षांची होतीस, आजी चोंगुरी वाजवत होती, म्हणून मी मारली, आणि बघ काय झालं."

आठवण म्हणजे काय या विषयावर नेस्तान तीन भाषांत तास तास बोलायची. इथे एक शब्द तोंडातून निघेना. हा शब्द तिने कुणाला उद्देशून कधी म्हटल्याचं तिला आठवतच नव्हतं. बापाचा चेहरा तिला थडग्यावर कोरलेला तेवढा माहीत होता. मागे दारात भंगारवाले उभे होते, बोंदो नाक ओढत होता. ती दोनदा नुसतीच खाकरली.

"बाबा," ती शेवटी म्हणाली. "चला. घरी जाऊ या."

गुगुलीने बोट वर केलं, म्हणजे अजून एकदा. नेस्तानने पुन्हा हाक मारली, आणि तिसऱ्यांदा मारताना तिचा आवाज फाटला आणि ती रडायलाच लागली. आपण नक्की कशाला रडतोय हे तिला कळलं नाही, पण थांबवता येईना. गुगुलीने तारा छेडल्या.

"उठला," ती म्हणाली. "चला आता. मागे कुणी बघायचं नाही."

वाट जुनीच होती, चहाच्या मळ्यांमधून जाणारी. मळे आता नेच्यांनी गिळले होते आणि त्यांत लोकांनी हेझलनट लावले होते. गुगुली वाजवत पुढे, तिच्यामागे झुझुना स्वेटर छातीशी धरून.  मग अनोळखी झालेल्या वाटेवर माणूस बिचकेल असं तिला वाटलं असावं, कारण ती त्याच्याशी बोलायला लागली.

"हे नेचे बघून घाबरू नकोस, मळाच आहे हा. खुडायचं बंद झालं. सामुदायिक शेती गेली. मॉस्कोची सत्ता गेली, आपलं राज्य आलं. नाही, भांडून नाही, आपोआपच गेली. भांडणं नंतर झाली. पैसे तीनदा बदलले, तुझ्या पासबुकातले बुडाले. तुझा भाऊ सोची शहरात वारला, त्याला तिथून आणला आम्ही. झेंडा मिळाला होता त्यांना. पुढच्या वर्षी परत नेला. ही पोरगी तुझी. लग्न केलं नाही, त्यावरून तिला बोलू नकोस, मी बोलून बोलून थकले."

नेस्तान खाली मान घालून चालत होती. राज्य गेल्याची इतकी सरळ हकिकत तिने कुठल्याच दालनात ऐकली नव्हती.

पुलापाशी दोरा ताणला. एक टोक बोंदोने अलीकडे धरलं, दुसरं घेऊन नेस्तान पलीकडे गेली. पुलावर वारा होता, दोरा दवाने ओलसर झाला होता, त्यामुळे असेल किंवा नसेल, पण मधेच तो तिच्या बोटांत रुतला आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला.  

घर दिसायला लागलं तशा शेजारणी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. दोघीतिघी जुनी वरात आठवून एकमेकींना काहीतरी सांगत होत्या. आता थांबायचं नव्हतं. चोंगुरी वाजत असतानाच उंबरा ओलांडायचा, असा नियम. पण झुझुना फाटकाशी आली आणि थांबली. गुगुलीने डोळे वटारले, वाजवणं मात्र सोडलं नाही. झुझुना मागे वळली नाही. तिने हात फाटकाच्या कडीवर ठेवला आणि आवाज खाली आणला, घरात पाहुणा असताना नवऱ्याशी बोलावं तसा.

"मुर्ताझ, थांब जरा. आत एक माणूस आहे. माझ्या चुकीने आलाय, स्वतःहून आला नाही. नाव मला माहीत नाही, मी त्याला तुझ्याच नावाने हाक मारते. संशयबिंशय घेऊ नकोस. जे काही बोलले त्याच्याशी, ते तूच समजून बोलले, सगळं तुझंच होतं. आता त्याला कुठे जा म्हणू? जाईल कुठे तो? दोघं मिळून राहा."

 मग तिने कडी काढली, फाटक उघडलं आणि स्वतः बाजूला सरून वाट दिली.